हाळीनंतरची दोन सेकंदं

१

मी लोकांचे कान तपासते. भोरला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मागच्या बाजूला एक बंद खोली आहे, कपाटापेक्षा थोडी मोठी. बाहेरचा आवाज आत येत नाही, आतला बाहेर जात नाही. पेशंटला खुर्चीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि सांगायचं, "पीप ऐकू आला की बोट वर करा. कितीही बारीक असला तरी." मग मी काचेच्या अलीकडून आवाज कमी कमी करत नेते. आठ वर्षं हेच करतेय. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली, की काही माणसं पीप न वाजताच बोट वर करतात. लबाडी नसते त्यात. फार वेळ वाट बघत बसलं की ऐकू येतंच.

हे आधीच सांगून ठेवते. पुढचं वाचून तुम्ही हेच म्हणणार आहात, आणि मीही महिनाभर स्वतःला हेच सांगत होते.

दवाखान्याबाहेर मी बेस गिटार वाजवते. 'पाणलोट' नावाचा आमचा रॉक बँड आहे, तिघांचा. गाणारा इंद्रजित, ड्रमवर श्रेयस आणि मी, भार्गवी. रेकॉर्डिंगही माझ्याच गळ्यात, कारण मी कानाची बाई. बाबा अजून "तुमचा तो ऑर्केस्ट्रा" म्हणतात. सहा वर्षांत आम्ही कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवलं, गणपतीत वाजवलं, एकदा ट्रॅक्टरच्या शोरूमच्या उद्घाटनाला वाजवलं आणि तिथे मालकाने येऊन "जरा हळू वाजवा" सांगितलं. गेल्या डिसेंबरात आमचं पहिलं सिंगल एका मोठ्या अ‍ॅपवर आलं. गाण्याचं नाव 'हाळी'. तेव्हा इंद्रजितला नाहीसं होऊन पाच महिने झाले होते.

त्या अ‍ॅपवर मराठी गाण्यांची दोनशे नंबरांची यादी असते. दर शुक्रवारी दुपारी बदलते. श्रेयस पोस्टात नोकरीला आहे. डबा खाऊन झाला की तो यादी बघायचा आणि मला फोन करायचा. पहिल्या शुक्रवारी आमचा नंबर एकशे सत्त्याऐंशी होता. मग एकशे चाळीस. मग शहाण्णव. जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी तो पोस्टातच ओरडला, "एक्केचाळीस! भार्गवी, एक्केचाळीस! इंद्या असता तर काउंटरवर चढून नाचला असता."

फोन ठेवला आणि मी त्या बंद खोलीत गेले. पेशंटच्या खुर्चीत बसले, दवाखान्याचे चांगले हेडफोन मोबाईलला जोडले आणि अ‍ॅपवर आमचं गाणं लावलं. सुरुवातीला एका बाईची लांबच लांब हाक आहे, "इंद्याऽऽऽ, ये रं घराऽऽऽ." त्यानंतर दोन सेकंदं काही नाही. ती शांतता मी स्वतः मोजून ठेवलेली. मग श्रेयसचा ड्रम.

त्या दिवशी त्या दोन सेकंदांत, फार लांबून, कुणीतरी म्हणालं, "ओऽऽ."

मी बोट वर केलं.

२

ती हाक ठकुबाईंची. इंद्रजितची आत्या. त्याचे आईवडील लहानपणीच गेले, तेव्हापासून तिनेच त्याला वाढवलं. तो तिला आत्ती म्हणायचा, म्हणून मीही आत्ती म्हणू लागले. त्यांची वाडी वेल्ह्याच्या पुढे, तोरण्याच्या उतारावर. डांबरी रस्त्यावर एसटीची शेड आहे, तिथून भातखाचरांच्या बांधावरून अर्धा तास चढायचं.

सात वर्षांपूर्वी तो आत्तीला कान तपासायला घेऊन आला, तीच आमची ओळख. आत्तीला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं, तरी बोट सारखं वर. मी दार उघडून तिच्या कानाशी ओरडले, "आजी, वाजल्यावरच बोट वर करायचं."

"वाजलं की गं," ती म्हणाली. "पोरगं गातंय न्हवं बाहीर."

तो खरंच बाहेर बाकड्यावर बसून गुणगुणत होता. पण त्या खोलीत बँडबाजा वाजवला तरी आत पोचत नाही, आणि आत्तीचे कान तर असे. मी कागदावर 'खोटं उत्तर' अशी खूण केली आणि विसरून गेले. त्या दिवसापासून आत्तीला कानाचं मशीन लागलं आणि माझ्या डोक्यात तिचा भाचा शिरला.

हाळीचं आत्तीकडूनच कळलं. वाडीत अजून मोबाईलला रेंज नाही. संध्याकाळी कुणी डोंगरावरून परत आलं नाही की घरचं माणूस ओट्यावर उभं राहतं आणि डोंगराकडे तोंड करून नावाने हाक मारतं. ती हाळी. पलीकडच्या वाडीत ज्याला ऐकू येईल तो तीच हाळी पुढे देतो, त्याच्या पुढचा आणखी पुढे. डोंगराच्या पार मागच्या अंगालाही कळतं की अमक्याच्या घरचं माणूस यायचं आहे. माणूस घरी पोचलं की त्याच्या डोक्याला हात लावून बघायचं, मग वाडीकडे तोंड करायचं आणि ओरडायचं, "आलाऽऽ". तेही तसंच वाडीवाडीतून पुढे जातं. 'आला' ऐकू येईपर्यंत कुणी दाराला कडी लावत नाही, चूल विझवत नाही.

मे महिन्यात आम्ही ते रेकॉर्ड करायला गेलो. मी म्हटलं, नुसतीच हाक द्या, नाव नको. आत्तीने मला वेड्यात काढलं. "नावाबिगर हाळी असती व्हय? कोन यील मग? गावातलं समदं?" शेवटी तिने इंद्रजितचंच नाव घेतलं. तो समोर माइक धरून उभा होता, हसू दाबत. हाळी झाली, तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, वाडीकडे वळली आणि 'आला' दिला. तो बावीस सेकंदांचा होता. समोरच्या वाडीतून कुणा बाईने तो उचलला आणि पुढे दिला.

तो मी कापला.

गाणी अ‍ॅपवर चढवणारी मुंबईची एक कंपनी होती, तिने सांगितलं की गाणं तीन मिनिटांच्या आत हवं, हल्ली लोकांना दम नसतो. हाळी ठेवली, मागे दोन सेकंदांची शांतता ठेवली आणि आत्तीचा 'आला' काढून टाकला. इंद्रजित शेजारीच होता. "काप काप," तो म्हणाला. "आत्तीला न्हाई सांगायचं फकस्त. केरसुनीनं झोडपील."

नऊ जुलैला गाणं तयार झालं. आमच्या भोरच्या घरी माडीवरच्या खोलीत, भिंतींना भाताची पोती लावून आम्ही रेकॉर्डिंग करायचो. श्रेयस कामावर होता. आम्ही दोघांनी खिडकी उघडली, मोठे स्पीकर लावले आणि गाणं तीनदा वाजवलं. तीनदा आत्तीने इंद्याला घरी बोलावलं.

"वेल्ह्याला ऱ्हाशील का गं?" त्याने मधेच विचारलं. "रेंज न्हाई. पन मी हाय."

मी त्याच्यावर किती जीव टाकत होते हे मला माहीत होतं, त्यालाही असावं. पण सरळ उत्तर दिलं तर ती मी कसली! म्हटलं, "गाणं पहिल्या नंबरावर येऊ दे, मग सांगते."

"म्हंजी न्हाई म्हनायची ही भोरची रीत का?" तो हसला. मग नसरापूरच्या बाजारातून घेतलेले, एक नंबर मोठे असलेले गमबूट त्याने पायात घातले आणि फच् फच् करत जिना उतरला. चार दिवस लटकू दे जरा, असं मी मनात म्हटलं. उत्तर 'हो' होतं. ते चार दिवस मला कधी मिळाले नाहीत.

त्या रात्री तो वाडीवर पोचलाच नाही. त्याची मोटरसायकल एसटीच्या शेडमध्ये सापडली, कुलूप लावलेली. पुढच्या अर्ध्या तासाच्या वाटेवर तो धुक्यात कुठे गेला ते कळलं नाही. अकरा दिवस लोकांनी कडे, ओढे, झाडी पालथी घातली. एक गमबूटसुद्धा मिळाला नाही. अकराही संध्याकाळी आत्ती ओट्यावर उभी राहून हाळी देत होती. अकराव्या दिवशी तिचा आवाज गेला, तो परत आला नाही.

३

तर, "ओऽऽ".

घरी जाऊन मी माझी मूळ फाइल उघडली. त्या दोन सेकंदांत पडद्यावर सरळ रेघ, धुतल्यासारखी स्वच्छ. अ‍ॅपवरचं गाणं घेऊन बघितलं तर त्या रेघेवर एक बारीकसा उंचवटा. मनात पाल चुकचुकली. पण मी शिकलेली बाई, लगेच कारणं शोधली. फाइल चढवताना दाबली जाते, त्यात असे कचरा-आवाज येतात. कंपनीला लिहिलं. त्यांनी हेच कारण परत मला लिहून पाठवलं आणि वर अभिनंदन केलं.

सोमवारी पोस्टाबाहेर चहा पिताना मी श्रेयसच्या कानात इअरफोन घातला आणि काही न सांगता गाणं लावलं. ड्रम सुरू व्हायच्या आत त्याने कान मोकळा केला.

"मागे कुणी ओरडलं का?" त्याने वळून रस्त्याकडे बघितलं.

"कुठून आला आवाज?"

"लांबून. डोंगरातून आल्यासारखा." मग त्याचा चेहरा बदलला. "तू घातलायस का तो? भार्गवी, असली थट्टा नको करूस."

मी घातला नव्हता, हे त्याला पटायला चहा गार व्हावा लागला.

गाणं वर का चाललं होतं, तेही सांगते. गाण्याचं कौतुक कुणालाच नव्हतं. लोक फक्त सुरुवातीची हाळी उचलून व्हिडिओ करत होते. मोबाईलवर हाळी वाजवायची आणि कोण धावत येतं ते दाखवायचं. कुणाचं बाळ रांगत यायचं, कुणाचं कुत्रं. कुणाचा फौजी नवरा सुट्टीवर आलेला असायचा, तो दारातून आत यायचा आणि बायको रडायची. तो व्हिडिओ बघून मीही रडले. लोक ते बघायचे आणि पुढच्याला पाठवायचे, आणि पुढचा त्याच्या पुढच्याला.

सहा फेब्रुवारीच्या शुक्रवारी आम्ही बाराव्या नंबरावर होतो. मी बंद खोलीत बसून ऐकलं. "ओऽऽ" आता डोंगरातून येत नव्हता, हाकेच्या अंतरावरून येत होता. आणि त्याच्या मागे, ड्रमच्या अगदी अलीकडे, एक पाऊल.

फच्.

मी ते किती वेळा ऐकलं ते विचारू नका. पुढच्या पेशंटने दार उघडलं तेव्हा पाऊण तास झाला होता. मला भीती वाटायला हवी होती. वाटतही होती. पण खरं सांगायचं तर सात महिन्यांनी त्याचा आवाज ऐकत होते, आणि भीती दुसऱ्या क्रमांकावर होती.

४

त्याच आठवड्यात कानाच्या मशीनचे सुटे भाग आणायला पुण्याला निघाले. कापूरहोळला एसटी बदलायची होती. वेळ होता म्हणून रस्त्याकडेच्या एका ढाब्यावर चहा घेतला. दुपारचे साडेबारा, ऊन रणरणत होतं. शेजारच्या टेबलावरचा टेम्पोवाला मोबाईल बघत होता, आणि त्याच्या मोबाईलमधून आत्तीची हाळी सुरू झाली.

मी कप खाली ठेवला आणि दोन सेकंदांची वाट बघितली.

"ओऽऽ."

तो मोबाईलमधून आला नाही. ढाब्याच्या मागून आला, जिथे टायर रचून ठेवले होते आणि पलीकडे कापणी झालेलं रिकामं शेत होतं. टेम्पोवाल्याने मान वळवली. भाकरी थापणाऱ्या बाईने हात थांबवला आणि मागच्या दाराकडे बघून विचारलं, "कोन हाय रं तिकडं?"

ड्रम सुरू झाला. टेम्पोवाल्याने बोटाने व्हिडिओ सरकवला. बाईने भाकरी तव्यावर टाकली.

मी मागे गेले. टायर, शेत, ऊन. कुणीही नव्हतं. भिंतीलगत पाण्याचं पिंप होतं आणि त्याच्याजवळच्या फरशीवर ओल्या बुटाचा एक मोठा ठसा होता, कडेने वाळत चाललेला. पिंपाजवळ ओला ठसा असणारच, भांडी घासायला कुणी ना कुणी येत असेल. मी त्याच्या शेजारी उकिडवी बसले आणि तो पूर्ण वाळेपर्यंत उठले नाही. पुण्याची एसटी गेली.

पुढच्या शुक्रवारी श्रेयसने फोनवर फक्त "तीन" म्हटलं.

५

त्या रविवारी मी वाडीवर गेले. गेले सात महिने जाणं टाळत होते. काय तोंड घेऊन जायचं?

दार उघडंच होतं. आत चूल धुमसत होती, दुपारच्या वेळी, वर भांडं नसताना. आत्ती जुलैपासून ती विझू देत नव्हती. कानाचं मशीन तिने देवाच्या देवळीत काढून ठेवलेलं दिसलं. मी ते घालायला गेले तर तिने माझा हात धरला आणि ओठ माझ्या कानाशी आणले. आवाज नव्हताच, नुसता वारा.

"नगं घालूस. काढलं तरी ऐकू येतंय."

"काय ऐकू येतं, आत्ती?"

मी काय बोलते ते ती ओठांवरून ओळखायची. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आदी डोंगराकडनंच ओ यायचा. आता चारी बाजूनं येतोय. येका पोराला किती जनांनी बोलवायचं गं? हिकडून हाक आली की हिकडं पळतोय. तिकडून आली की माघारी. दमलाय त्यो. दम लागल्यावानी ओ देतोय, ऐकलं न्हाईस का तू?"

मी ऐकलं होतं. प्रत्येक वेळी ऐकलं होतं, आणि त्या धापेला मी 'जवळ येतोय' असं समजत होते.

"गान्यात माजा 'आला' कुठंशी हाय?" तिने विचारलं.

तेव्हा सांगावं लागलं. कापला, मी कापला, गाणं लांब होत होतं. ती केरसुणी घेऊन उठली असती तर बरं झालं असतं. ती नुसती स्वतःच्या हाताकडे बघत राहिली, तळव्याकडे, जणू तिथे काही लिहिलेलं होतं.

"हाळी उगडी ठिवली व्हय," ती म्हणाली. मग तळवा मिटून, "मला आवाज न्हाई. तू म्हन."

"मी?"

"मी डोईला हात लावीन. तू वाडीकडं तोंड करून म्हनायचं. ध्यानात ठेव, डोंगराकडं वळलीस की ती पुन्यांदा हाळीच. आन त्ये गानं बंद कर. समदीकडचं. तुज्या मोबाईलातलंबी."

मी हो म्हटलं. देवळीसमोर हो म्हटलं.

आणि तरी त्या दिवशी गाणं बंद केलं नाही. उतरताना स्वतःला म्हटलं, कंपनीला कळवायला हवं, श्रेयसशी बोलायला हवं. सगळे बहाणे. गाणं तिसऱ्या नंबरावर होतं. आणखी एक शुक्रवार, आणि मला इंद्रजितला दिलेला शब्द पाळायचा होता. तो दमला होता हे मला कळलं होतं. कळूनही मी त्याला आणखी पाच दिवस पळवलं.

६

वीस फेब्रुवारीला दुपारी दीडला फोन आला. मी तेव्हा वेल्ह्याच्या बाजारात एसटीतून उतरत होते.

"एक," श्रेयस म्हणाला. ओरडला नाही. "भार्गवी, तो पोस्टाच्या खिडकीखाली ओ देतोय. सकाळपासून. लोक रांगेत उभे आहेत आणि मागे वळून बघतायत. मला हे नको आहे."

"सहा वाजता काढ," मी म्हटलं. वर रेंज नसते, त्यामुळे गाणं त्यानेच भोरमधून काढायचं ठरलं होतं. "बरोबर सहा. आधी नको."

"आत्ता का नको?"

मी फोन ठेवला.

वाडीवर पोचले तेव्हा सूर्य कड्यामागे जात होता. आत्तीने ओटा ताजा सारवला होता. ती डोंगराकडे तोंड करून उंबऱ्याशी बसली होती, हात मांडीवर. मी तिच्या पलीकडे, तिला पाठमोरी, वाडीकडे तोंड करून उभी राहिले. समोर उतारावर बाराएक घरं, खाली आणि मागेही कोरडी खाचरं, कापलेल्या भाताचे खुंट. सगळी दारं उघडी होती. वाडीत कुणी मला काही विचारलं नाही.

सहा वाजले. खूप वेळ काही झालं नाही.

मग मागून आवाज आला. "ओऽऽ." गाण्यातला नव्हे. त्याचा. किंचित घोगरा, वर जाताना फाटणारा, मी शंभरदा रेकॉर्ड केलेला.

फच्. फच्. कोरड्या खुंटांवरून, महिनोन्महिने पाणी न पाहिलेल्या बांधावरून, चिखलात रुतणारी पावलं जवळ येत होती. एक नंबर मोठे बूट. मधेच थांबत होती. धाप ऐकू येत होती. अंगणात आली. ओट्याच्या पायरीवर आली. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, दोन्ही एकदमच.

आत्तीच्या बांगड्या वाजल्या. ओल्या केसांवर हात फिरतो तसा आवाज झाला.

"भिजलास की रं," आत्ती म्हणाली. तिच्या स्वतःच्या आवाजात.

तो माझ्या मागे उभा होता, हातभर अंतरावर. मला पावसाळी चिखलाचा वास येत होता आणि त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि तो श्वास कुठल्या तरी शब्दाची वाट बघत होता. मला माहीत होतं कुठल्या. तो शब्द माझ्या जिभेवर होता. नुसतं वळायचं होतं.

"म्हन, पोरी," आत्ती म्हणाली.

मी खाली बघितलं. ताज्या सारवलेल्या ओट्यावरून तांबूस पाण्याची एक धार माझ्या पावलाला वळसा घालून पुढे सरकत होती. तिच्याबरोबर भाताचं एक रोप वाहत आलं, लावणीच्या दिवसांत असतं तसं, कोवळं, हिरवंगार. माझ्या अंगठ्याशी येऊन थांबलं.

मागची धाप लागलेलीच होती. मी डोळे मिटले आणि छाती भरून ओरडले, "आलाऽऽऽ."

क्षणभर काही नाही. मग समोरच्या वाडीतून एका बाईने तो उचलला, "आलाऽऽ." तिच्या पलीकडून एका पुरुषाने. मग आणखी लांबून, डोंगराच्या वळणामागून, ऐकू येईल न येईल असा. आणि मग उतारावरच्या घरांतून एकेक कडी लागल्याचे आवाज येऊ लागले, खालपासून वरपर्यंत.

मागचा श्वास एकदा मोठा झाला, ओझं खाली ठेवल्यावर होतो तसा. पुन्हा झाला नाही.

मी वळले तेव्हा आत्ती एकटीच होती, उभी, हात पुढे केलेला. तळवा ओला होता. तिने तो चेहऱ्यावरून फिरवला, आत गेली आणि चुलीवर पाणी ओतलं.

७

सहा वाजता श्रेयसने गाणं काढलं होतं. पहिल्या नंबराचं गाणं साडेचार तासांत गायब, म्हणून कंपनी भडकली. लोकांच्या व्हिडिओंचे आवाज गेले. नवरा दारातून येतो, बायको रडते, सगळं मुक्यानेच. मार्चमध्ये आम्ही गाणं पुन्हा सोडलं, आत्तीचा बावीस सेकंदांचा 'आला' परत जोडून. ते दोनशेतही आलं नाही. कुणाला काही वाटलं नाही.

आत्ती आता रात्री झोपते. गेल्या महिन्यात तिला तपासायला बोलावलं. खोलीत बसवलं, हेडफोन लावले. तिने एकदाही बोट वर केलं नाही. पीप वाजले तेव्हाही नाही आणि न वाजता तर नाहीच. बाहेर आल्यावर म्हणाली, "गप झालं समदं. बरं वाटतंय." आवाज पुन्हा गेलेला, ओठांवरून ओळखायचा. मग तिने विचारलं, मोबाईलातलं पुसलंस न्हवं?

श्रेयसनेही तेच विचारलं होतं. दोघांनाही मी हो म्हटलं.

पुसलेलं नाही. मोबाईलमध्ये आहे ते, दोन मिनिटं अठ्ठावन्न सेकंदांचं, शेवट कापलेलं. तेव्हापासून एकदाही वाजवलेलं नाही. पण दर शुक्रवारी दुपारी डबा झाला की मी त्या बंद खोलीत जाते, पेशंटच्या खुर्चीत बसते आणि हेडफोन चढवते. आत काहीही ऐकू येत नाही. तो सुखाने निजलाय हे मला कळतं. त्याला उठवणं पाप आहे हेही कळतं. एवढंच की गाणं पहिल्या नंबरावर आलं होतं आणि माझं उत्तर द्यायचं राहिलं. एकच शब्द आहे. दोन सेकंदांत मावेल.

आज शुक्रवार. सकाळी निघताना बाबांना म्हटलं, आज दाराला कडी लावू नका.

"का गं," त्यांनी पेपरातून डोकं वर काढून विचारलं, "कुणी येणार आहे का?"